विमानतळावरची चाळणी आणि प्रवाशाचे सावधपण

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



लग्नमंडपात अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टके संपत आलेली असतात आणि ‘सावधान’ हा शब्द उच्चारला जातो. आपण सर्वांनी तो शेकडो वेळा ऐकलेला आहे आणि अक्षता टाकून जेवणाच्या पंगतीकडे वळताना तो विसरूनही गेलो आहोत. याच जालना जिल्ह्यातील जांब गावच्या एका मुलाने मात्र तो शब्द खऱ्या अर्थाने ऐकला आणि तो बोहल्यावरून निघून गेला, अशी समर्थ रामदासस्वामींविषयीची कथा परंपरेने सांगितली जाते. शब्द तोच, विधी तोच. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या जागृतीमुळे.

आजचा विषय विमानतळावरील सुरक्षा तपासणी हा आहे. पहिल्या दृष्टीला त्याचा या कथेशी संबंध दिसत नाही. परंतु तपासणीच्या रांगेत उभे असलेले प्रवासी पाहिले, तर तोही एक विधी झाला आहे आणि त्यातले ‘सावधान’ कोणी ऐकत नाही, असेच वाटू लागते.

रांगेतला प्रश्न

जालन्याहून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. येथील प्रवासी चिकलठाण्याला जातो. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ जालना रस्त्यावरच, शहराच्या अलीकडे आहे. लोखंडाचे आणि बियाण्यांचे व्यापारी या वाटेने जातात. अलीकडच्या काळात, मुले परदेशी नोकरीस लागल्याने, आयुष्यात प्रथमच विमानात बसणारे आईवडीलही जाऊ लागले आहेत.

अशा एखाद्या दांपत्याची कल्पना करावी. दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहिले जाते. पोहोचवायला आलेले दहा जण बाहेर राहतात. आत गेल्यावर बॅग पट्ट्यावर ठेवायची, भ्रमणध्वनी, नाणी, कमरेचा पट्टा ट्रेमध्ये टाकायचा आणि हात पसरून उभे राहायचे. काकूंना पडद्याआडच्या कक्षात महिला जवानाकडे पाठवले जाते. मंगळसूत्रावर, बांगड्यांवर हातातले यंत्र वाजते. पाण्याची बाटली रिकामी करावी लागते, पानसुपारीच्या डब्यातला छोटा अडकित्ता काढून घेतला जातो. ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचे वाकडे चिंतिले नाही, अशा माणसांच्या मनात तेव्हा साहजिकच येते, ‘एवढे सगळे करून खरोखर काही साधते का?’

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. नागरिकाने तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याचे उत्तर रांगेतल्या वैतागातून मिळणार नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

प्रत्येक नियमामागे एक घटना

३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान श्रीनगरहून जम्मूकडे जात असताना पळवून लाहोरला नेण्यात आले आणि पुढे तेथेच जाळण्यात आले. अपहरणकर्त्यांच्या हातातले पिस्तूल आणि हातबाँब दोन्ही नकली होते. डिसेंबर १९७८ मध्ये लखनौहून दिल्लीला निघालेले विमान दोन तरुणांनी वाराणसीला नेले; त्यांच्याजवळचे पिस्तूलही खेळण्यातले होते. नातवाच्या पिशवीतली खेळण्याची बंदूक जवान बाजूला का ठेवतो, याचे उत्तर या दोन घटनांत आहे. तीस हजार फुटांवर खरे आणि खोटे यांची पारख करण्यास कोणाजवळ अवधी नसतो.

२३ जून १९८५ चा दिवस तर विसरण्यासारखा नाहीच. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर असताना स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ माणसे गेली. ज्या बॅगेत बाँब होता, तिचा मालक विमानात बसलेलाच नव्हता. व्हँकुव्हर येथे त्याने पुढच्या विमानापर्यंत बॅग पाठवण्याचा हट्ट धरला आणि कंपनीच्या कर्मचाऱ्याने अखेर तो मानला. टोरांटो येथे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका साध्या उपकरणाने तपासण्यात आल्या. एक हट्ट आणि एक बंद यंत्र, एवढ्यावर ३२९ प्राण गेले. आज एखादा प्रवासी सामान देऊन विमानात चढला नाही, तर त्याची बॅग शोधून उतरवली जाते आणि विमानाला उशीर होतो. आपण घड्याळ पाहून चडफडतो. त्या उशिराची किंमत कनिष्कमधील प्रवाशांनी आधीच मोजलेली आहे. पुढे १ एप्रिल १९८७ रोजी नागरी विमान सुरक्षा ब्युरो हा स्वतंत्र विभाग झाला, त्यामागेही हीच दुर्घटना होती.

२४ एप्रिल १९९३ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या विमानात एक जण पायाला प्लास्टर घालून, लंगडत चढला. त्या प्लास्टरमध्ये पिस्तुले होती. विमान अमृतसरला उतरले आणि राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोंनी कारवाई करून सर्व प्रवाशांना सुखरूप सोडवले. अपहरणकर्ता मारला गेला. चाकाच्या खुर्चीवरील आजीबाईंचीही तपासणी होते तेव्हा पाहणाऱ्याला वाईट वाटते. पण पाहणाऱ्याला वाईट वाटते, हेच तर त्या माणसाने हेरले होते.

खोबऱ्याची वाटी आणि पाण्याची बाटली

काही नियम मात्र दहशतवादाशी संबंधित नसून पदार्थविज्ञानाशी संबंधित आहेत आणि ते कोणी समजावून सांगत नाही, म्हणून चीड येते. ओटीतली सुक्या खोबऱ्याची वाटी काढून घेतली, की आपल्याकडे अपशकुन झाल्यासारखे वाटते. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण मोठे असते आणि ते तापून आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते. भ्रमणध्वनी भारित करणारी पॉवर बँक सामानात न देता जवळच ठेवायला सांगतात, कारण तिने पेट घेतलाच तर प्रवाशांच्या कक्षात ती विझवता येते, पोटातल्या सामानकक्षात तिच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. द्रव पदार्थांवरील निर्बंध ऑगस्ट २००६ मध्ये लंडन येथे उघडकीस आलेल्या कटानंतर आले. पेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेण्याचा तो बेत होता.

यंत्रे काय पाहतात, हेही जाणून घेण्यासारखे आहे. धातुशोधक चौकट केवळ धातू ओळखते. स्फोटक पदार्थ तिला कळत नाही. म्हणून हाताने तपासावे लागते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात. कापड, कागद, अन्न आणि अनेक स्फोटके ही सर्व नारिंगीच. त्यातून वेगळे काय ते ओळखणारा शेवटी माणूस असतो. लॅपटॉप वेगळा ठेवायचा तो याचसाठी, की त्याच्या दाट भागाआड दुसरी वस्तू लपू शकते. पडद्यासमोरचा माणूस वीस मिनिटांनी बदलावा, असा संकेत अनेक देशांत पाळला जातो, कारण त्यापुढे डोळे पाहतात पण मन पाहत नाही. खरा बाँब तर बहुतेक कर्मचाऱ्यांना संपूर्ण नोकरीत एकदाही दिसत नाही. जे कधीच येत नाही त्याची प्रत्येक मिनिटाला वाट पाहायची, हे काम किती कठीण आहे, याचा विचार रांगेतल्या प्रवाशाने एकदा तरी करावा.

चाळणीची भोके

येथपर्यंत तपासणीची बाजू झाली. आता तिच्या उणिवांकडेही तितक्याच स्पष्टपणे पाहिले पाहिजे, कारण डोळे झाकून केलेली स्तुती ही सुरक्षेची शत्रू असते.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत ज्यांनी विमाने पळवली त्यांच्याजवळ लहान पाती होती आणि चार इंचांपेक्षा लहान पाते नेण्यास त्या वेळच्या नियमांनी मुभा होती. नियम जसा होता तसा पाळूनही विनाश टळला नाही. त्यानंतर अमेरिकेने प्रचंड खर्चाची यंत्रणा उभारली. तरीही २०१५ मध्ये बाहेर आलेल्या माहितीनुसार, त्यांच्याच गृहसुरक्षा खात्याच्या माणसांनी प्रवासी बनून नकली शस्त्रे आणि स्फोटके नेण्याचे सत्तर प्रयत्न केले, त्यांपैकी सदुसष्ट यशस्वी झाले. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक लपवले म्हणून पुढे वर्षानुवर्षे अमेरिकेत प्रवाशांना बूट काढावे लागले. तो नियम जुलै २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. म्हणजे तपासणी बहुतेक वेळा मागच्या हल्ल्याची असते. पुढचा हल्ला करणारा तर दुसरी वाट शोधत असतो.

ती वाट पुष्कळदा तपासणीच्या टेबलावरून जातच नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीत उभे असताना सशस्त्र माणसे त्यात शिरली. ती प्रवासी म्हणून आली नव्हती; विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचा गणवेश घालून, गाडीत बसून थेट विमानापाशी आली होती. मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोतने वैमानिकांना वेळीच सूचना दिली, ते निसटले आणि विमान उडू शकले नाही. प्रवाशांना वाचवताना ती स्वतः मात्र गेली; तेविसाव्या वाढदिवसाला तेव्हा दोनच दिवस उरले होते. तिला अशोकचक्र देऊन राष्ट्राने तिचा मरणोत्तर गौरव केला.

२४ डिसेंबर १९९९ रोजी पळवलेले विमान काठमांडूहून निघाले होते. शस्त्रे तेथेच आत गेली. दिल्लीची चाळणी कितीही बारीक असती, तरी तिचा त्या दिवशी उपयोग नव्हता. कंदाहारमधील त्या प्रकरणाची परिणती तीन दहशतवाद्यांच्या सुटकेत झाली, हे शल्य आजही सलते. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून आरंभ करून देशातील विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली. १९९९ नंतर भारतीय प्रवासी विमान पळवून नेण्यात कोणालाही यश आलेले नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. तिचे सारे श्रेय एका टेबलाला देणे मात्र योग्य होणार नाही.

आपल्या उंबरठ्यावरचे उदाहरण

श्रोतेहो, मराठवाड्याला तर हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. अमृतसरला कमांडोंनी विमान सोडवले ती २५ एप्रिल १९९३ ची पहाट होती. देश सुटकेचा श्वास घेत होता. दुसऱ्याच दिवशी, २६ एप्रिलला दुपारी, चिकलठाण्याहून मुंबईसाठी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान धावले. धावपट्टीच्या टोकाजवळून जाणाऱ्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक त्याच क्षणी आला. विमानाचे चाक ट्रकवर आदळले, पुढे विमान विजेच्या तारांना धडकले आणि शेतात कोसळले. विमानात ११८ माणसे होती. त्यांपैकी ५५ मृत्युमुखी पडली.

त्या विमानातील प्रवासी तपासणीतूनच आत गेलेले होते. त्यांच्यात कोणी शत्रू नव्हता. चौकशीत दोन गोष्टींवर बोट ठेवले गेले: वैमानिकांनी विमान उचलण्यात केलेला उशीर आणि चुकीची पद्धत, आणि विमाने उडण्याच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतुकीचे नियंत्रण करण्यात विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. आत प्रवाशाच्या हातातली पिशवी पाहिली जात होती आणि बाहेर धावपट्टीच्या टोकाशी वाहनांचा रस्ता वाहता होता.

त्या ट्रकमध्ये कापूस होता, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या या भागाने विशेष लक्षात ठेवावी. जो कापूस आपल्याकडे समृद्धीचे प्रतीक, तोच एका वाऱ्यावर सोडलेल्या व्यवस्थेमुळे मृत्यूच्या वाटेवर उभा राहिला. तपासणी परिणामकारक आहे का, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ती जिथे पाहते तिथे परिणामकारक आहे. जिथे कोणी पाहतच नाही तिथली हमी ती देऊ शकत नाही. म्हणून प्रवाशाने तपासणीचा राग करू नये, पण ‘बाकीचे रस्ते कोण पाहतो आहे?’ असा प्रश्न लोकप्रतिनिधींना आणि प्रशासनाला विचारण्याचा आपला अधिकारही सोडू नये.

‘ही पिशवी तुम्ही स्वतः भरली का?’

आता एका अशा छिद्राविषयी, जे बुजवणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी इस्रायलला जाणाऱ्या विमानासाठी आली. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून तिची पिशवी निर्विघ्न पार पडली होती. इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिला साधे प्रश्न विचारले: कोठे जाता, कोणाकडे उतरणार, पिशवी कोणी दिली? उत्तरे जुळेनात. पिशवी रिकामी केली तरी ती जड लागली आणि तळाच्या खोट्या कप्प्यात स्फोटक सापडले. ज्याच्याशी तिचे लग्न ठरले होते, त्यानेच ते ठेवले होते. तिला कशाचीच कल्पना नव्हती. विमानातील पावणेचारशे माणसांबरोबर ती आणि तिचे न जन्मलेले मूलही मारले जाणार होते.

या प्रसंगातून दोन बोध मिळतात. पहिला असा, की चेहरा, नाव, वेश यांवरून धोका ओळखता येतो हा भ्रम आहे. त्या तरुणीकडे पाहून कोणालाही शंका आली नसती. आणि जो समाज केवळ चेहऱ्यांकडे पाहतो, त्याच्या दारातून पिशवी निर्धास्त आत जाते.

दुसरा बोध आपल्या घरातला आहे. आपल्याकडे कोणी परगावी निघाले, की शेजारी डबा घेऊन येतात. ‘जाताच आहात, तर आमच्या मुलाला एवढे द्या.’ नाही म्हणणे आपल्याला जड जाते. त्यात माणुसकी आहे, ओलावा आहे. एस.टी.च्या प्रवासात ती रीत शोभून दिसली. विमानाच्या प्रवासात मात्र बांधलेले पुडके न उघडता घेऊ नये. आपल्यासमोर उघडून दाखवावे, आपण स्वतः ते बॅगेत ठेवावे आणि विमानतळावर अनोळखी माणसाने ‘माझे वजन जास्त होते आहे, एवढी पिशवी तुमच्या नावावर घ्या’ असे म्हटल्यास नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. यात अविश्वास नाही. ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याचाही कोणीतरी गैरफायदा घेतलेला असू शकतो.

मान आणि नियम

तपासणीत अपमान वाटतो, अशी अनेकांची तक्रार असते. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी तपासणी केली. नियमाने त्यांना सूट होती. देशात संताप उसळला, कंपनीला क्षमा मागावी लागली. पण स्वतः कलाम शांतपणे तपासणीला सामोरे गेले, त्यांनी तक्रारीचा शब्द उच्चारला नाही. या देशात ‘मला ओळखत नाही का?’ असे विचारणाऱ्यांची वाण नाही. ज्यांना तसे विचारण्याचा खरोखर अधिकार होता, त्यांनी तो वापरला नाही.

त्याचबरोबर तपासणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. वृद्धांशी सौजन्याने बोलणे, अडकित्ता का घेतला हे एका वाक्यात सांगणे, महिलांची मर्यादा राखणे, एवढ्याने निम्मा राग निवळतो. समजावून सांगितलेला नियम माणूस मनापासून पाळतो. लादलेल्या नियमातून तो पळवाट शोधतो.

शेवटची कडी

विमानतळावर एवढी चौकशी होते, मात्र जालन्याच्या स्थानकावरून हजारो माणसे दररोज कोणत्याही तपासणीशिवाय रेल्वेने मुंबईला जातात आणि एवढ्या गर्दीत प्रत्येकाची झडती घेणे शक्यही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी चालत आत आले. तेथे कोणते यंत्र उपयोगी पडले? उपयोगी पडला तो रेल्वेचा उद्घोषक. विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून ते प्रवाशांना सुरक्षित दाराकडे जाण्यास सांगत राहिले आणि त्यामुळे कित्येकांचे प्राण वाचले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि छातीवर गोळ्या झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला. बुटात स्फोटक घेऊन बसलेल्या माणसालाही कोणत्या यंत्राने पकडले नाही. विमानातील कर्मचाऱ्यांनी आणि प्रवाशांनीच त्याला आवरले.

याच्या नेमके उलट वर्तनही आपण पाहिले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय विमानांना बाँबच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या. प्रत्येक धमकीने प्रवासी खोळंबले, काही विमाने वाटेतच उतरवावी लागली, सुरक्षादलांची शक्ती व्यर्थ गेली. रांगेत उभे राहून ‘बॅगेत बाँब आहे’ असा विनोद करणारे महाभागही आहेत. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती मोठ्यांनीही विसरू नये.

तेव्हा रांगेतल्या त्या दांपत्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? तपासणी ही चाळणी आहे आणि चाळणीला भोके असतातच. एका चाळणीवर भिस्त ठेवणारा फसतो; म्हणून चाळण्या अनेक लागतात. यंत्र ही एक, जवानाची नजर ही दुसरी, कुंपण आणि रस्ता ही तिसरी. प्रवासी ही शेवटची चाळणी. तिच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी लागत नाही, पण ती घरातूनच तयार होऊन यावी लागते.

पुढच्या वेळी चिकलठाण्याच्या रांगेत हात पसरून उभे राहताना, समोरच्या जवानाला ‘रामराम’ म्हणावे. आपली बॅग आदल्या रात्री आपणच भरलेली असावी. बाकाखाली बेवारस पिशवी दिसली, तर ‘आपल्याला काय करायचे आहे’ असे न म्हणता लगेच सांगावे. जांबच्या त्या मुलाने एक शब्द नीट ऐकला होता. आपल्याला तेवढेच करायचे आहे.